आत्याची हरकत

आत्या चिडली की आधी हातातलं काम पुरं करते आणि मग चिडते. त्यामुळे समोरच्याला पळायला वेळ मिळतो, पण पळून उपयोग नसतो, कारण ती विसरत नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळे तिला 'बॉयलर' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतंही. "बॉयलर बंद पडला तर अख्खं इस्पितळ मळक्या चादरींवर झोपेल," ती सांगते, "तेव्हा माझ्याशी जरा जपून."

धुलाईखाना तळघरात आहे. एका भिंतीला सहा धुलाईयंत्रं, समोर दोन मोठे तापलेले रोलर. ओली चादर एका बाजूने आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक आणि सपाट होऊन बाहेर येते. तिथे दोन बायका समोरासमोर उभ्या राहून तिच्या घड्या घालतात. चार घड्या, एक थाप, पुढची चादर. आत्या एकतीस वर्षं त्या टोकाला उभी आहे. तिचे हात इतके भाजून निघालेत की उकळत्या चहाचा पेला ती टेबलावरचा कागद उचलावा तसा उचलते.

कुठली चादर कुठल्या वॉर्डाची हे ओळखायला तिथे रंगीत धागे आहेत. कोपऱ्यात लाल टाका म्हणजे मुलांचा वॉर्ड, निळा म्हणजे शस्त्रक्रियेचा, पिवळा म्हणजे बाळंतिणींचा. ही युक्ती आत्याचीच. पूर्वी छापील पट्ट्या होत्या. "तीन धुण्यांत अक्षरं उडतात, धागा उडत नाही," असं तिने साहेबांना पटवलं आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. शिवाय तिने स्वतः तपासलेल्या प्रत्येक गाठोड्याच्या कापडावर ती एका ओळीत तीन काळे टाके घालते. याचा अर्थ, हे गाठोडं मी पाहिलंय, चूक निघाली तर मला येऊन पकडा. त्यासाठी ओवलेली सुई तिच्या कॉलरच्या आत कायम टोचलेली असते.

मी तिच्या भावाची मुलगी. आईबाबा दोघंही पाळीवर कामाला जायचे, म्हणून शाळा सुटली की मी आत्याकडे. ती घरीही इस्त्री करायची आणि मी शेजारी बसून वाचायचे. जे हाती येईल ते वाचायला लावायची. आलेली पत्रं, औषधाच्या बाटलीवरचा कागद, भिंतीवरच्या कॅलेंडरामागचा मजकूर. "वाच बघू मोठ्यानं, तुझा आवाज ऐकू दे," म्हणायची. मला वाटायचं, माझं वाचन सुधारावं म्हणून तिची ही धडपड. सुधारलंही. मी शाळेत ग्रंथपाल झाले, चर्चच्या मंडळीची चिटणीस झाले, आणि शब्दांच्या बाबतीत जरा शिष्टही झाले. हे शेवटचं आत्याचं मत आहे. माझंही हल्ली तेच आहे.

आता गाण्यांकडे येते, कारण भांडण त्यांच्यावरूनच झालं.

आमच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक जाडजूड गीतपुस्तक आहे. त्यातली गीतं मला प्राणाहून प्रिय. एकेका गीताला पाच-सहा कडवी, प्रत्येक कडव्यात नवा विचार, यमकं अशी की एक शब्द हलवता येणार नाही. मग चार वर्षांपूर्वी नवे पाळक आले आणि त्यांनी सकाळी नऊची उपासना नव्या गाण्यांसाठी मोकळी केली. गिटार वाजवायला इस्पितळातला एक्स-रे काढणारा, ड्रमवर बसडेपोतली मेकॅनिक बाई. भिंतीवर प्रोजेक्टरने शब्द दिसायचे. गाणी साधी, आजच्या बोलण्यातली, आणि एकेक ओळ पुन्हा पुन्हा. कधी चार वेळा, कधी दहा वेळा.

मी पहिल्या रविवारी दहा मिनिटं बसले आणि उठून घरी गेले. आत्या मात्र त्या दिवसापासून नऊला पहिल्या रांगेत. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून, तिच्या त्या खणखणीत आवाजात. भिंतीकडे एकदाही न बघता.

मला ते पाहून चक्क राग यायचा. आमची आत्या, चाळीस वर्षं साडेदहाच्या उपासनेत पुस्तक उघडून उभी राहिलेली बाई, आणि म्हातारपणी हे? त्यातून धुलाईखान्यातही तेच. तिने फोन एका स्टीलच्या पेल्यात उभा ठेवलेला असायचा, म्हणजे यंत्रांच्या घरघरीतही आवाज पोचेल, आणि रोलरवरच्या सगळ्या बायका त्याबरोबर गायच्या. चार घड्या, एक थाप, एक ओळ.

"आत्या, त्या गाण्यांत आहे काय?" मी एकदा विचारलं.

"आधी ऐक, मग नाक मुरड." तिने फोन माझ्याकडे सरकवला. "हे बघ, सुरुवातीला एकटी पेटी. मग ती मुलगी अगदी हळू म्हणते, स्वतःशीच म्हटल्यासारखं. ड्रम अजून गप्प आहे. का गप्प आहे? वाट बघतोय. आता सगळी माणसं म्हणायला लागली. आता आला बघ ड्रम! आणि आता ऐक, सगळी वाद्यं थांबली. नुसती माणसं. त्या जागी माझा जीव कसा होतो, तुला काय सांगू."

"पण ओळ तर तीच."

"ओळ तीच. मी तीच राहते का?"

मी विषय बदलला. एक खरं, की ती आंधळेपणाने कुठलंही गाणं डोक्यावर घेत नव्हती. एखादं आवडलं नाही तर एक्स-रेवाल्याला सरळ सुनवायची. "या गाण्यात नुसतं मी, मी, मी आहे. देवाला बसायला जागा कुठे ठेवलीय? बारा वेळा म्हटलं आणि बाराव्यांदाही आत काही हललं नाही. पुढच्या रविवारी हे आणू नकोस." तो बिचारा मान डोलवायचा आणि खरंच आणायचा नाही.

मंडळीचे अध्यक्ष म्हणजे आमचे हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक, मला शिकवलेले, शिस्तीचे पण मनाने स्वच्छ. त्यांना ती नऊची उपासना म्हणजे डोळ्यांत खुपणारं कुसळ. "एकच ओळ आठ वेळा!" ते म्हणायचे. "आपण बहिरे आहोत की देव बहिरा आहे?" मी हसायचे. वार्षिक सभेत त्यांनी ठराव आणायचं ठरवलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी तो जीव ओतून लिहिला. 'उपासनेचे गांभीर्य आणि पूर्वजांनी सोपवलेला शब्दांचा ठेवा जपण्यासाठी यापुढे केवळ गीतपुस्तकातीलच गीते गायली जावीत, तालवाद्ये बंद करावीत आणि सकाळी नऊची उपासना थांबवावी.' अशा बारा ओळी, आणि वर शीर्षक, 'शब्दांचा ठेवा'. मला वाटलं, काय सुरेख उतरलंय.

सभेच्या आदल्या आठवड्यात मी तो कागद घेऊन आत्याकडे गेले. तिच्या आवडीवर घाव घालणारा ठराव तिलाच दाखवायला नेणं हा निर्लज्जपणा होता, पण मला वाटलं, निदान भाषा तरी तिला आवडेल. ती इस्त्री करत होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचला. तिने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली.

"परत वाच."

मी परत वाचला, जरा हावभावासकट.

"परत."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने इस्त्री उभी ठेवली. "म्हणजे नऊ वाजता चर्चला कुलूप."

"कुलूप नाही गं. साडेदहाला ये ना. इतकी वर्षं येतच होतीस."

"हो," ती म्हणाली, "येत होते." आणि पुढचा शर्ट उचलला.

आमच्या सभेचा एक जुना नियम आहे. फार वर्षांपूर्वी एका गृहस्थाने एका ठरावाविरुद्ध तासभर आरडाओरडा केला. चर्च विकायला काढलंय असा त्याचा समज. ठराव निघाला दाराला रंग देण्याचा. तेव्हापासून नियम पडला, की ज्याला हरकत घ्यायची त्याने पुढे यावं, ठरावाचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा, खाली सही करावी आणि मगच बोलावं. त्याच्यामागे दहा माणसं उभी राहिली तर ठराव बाद. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा. तो कोणाकोणाला गप्प बसवतो, हा विचार माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता.

सभेला शंभरेक माणसं होती. हेडसरांनी ठराव मांडला आणि विचारलं, "हरकत?" नेहमीप्रमाणे कोणी पुढे आलं नाही. एक्स-रेवाला आणि मेकॅनिक बाई दोघं अजून मंडळीचे सभासद झाले नव्हते, त्यांना सभेत बोलायचा हक्क नव्हता. पाळकांना नियमाप्रमाणे मत नव्हतं. हेडसर "मंजूर" म्हणायला तोंड उघडतात तोच पहिल्या रांगेतून आवाज आला.

"थांबा. माझी आहे."

आत्या उठली. चालत पुढे आली, माझ्या टेबलावरचा ठरावाचा कागद उचलला आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. गळ्यात साखळीला तिचा चष्मा लटकत होता. तो तिने लावला नाही. माझ्या मनात आलं, हिला चष्म्याशिवाय दिसणार कसं? आणि तेवढ्यात मला दिसलं, की तिने कागद उलटा धरलाय. शीर्षक खाली, सहीची जागा वर. मी खुर्चीतून अर्धी उठले. खुणेने बोटं फिरवली. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

"उपासनेचे गांभीर्य आणि पूर्वजांनी सोपवलेला शब्दांचा ठेवा जपण्यासाठी..."

बाराच्या बारा ओळी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिथे मी हावभाव केला होता, तिथे हावभावसुद्धा. पत्रं, औषधाच्या बाटल्या, कॅलेंडरं, "तुझा आवाज ऐकू दे", सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून वाचत होते आणि मला कळलं नव्हतं. पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी मी! मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"झालं," आत्या म्हणाली. "आता बोलते. हा कागद सुलटा आहे की उलटा, मला ठाऊक नाही. भाचीचं तोंड बघून वाटतंय, उलटाच असणार."

कोणीतरी हसलं.

"मला वाचता येत नाही. आमच्या घरात आठ भावंडं, मी थोरली. मला शाळेत घालायचं राहूनच गेलं. लग्न होऊन या चर्चमध्ये आले तेव्हा कोणीतरी हातात पुस्तक दिलं. ते चाळीस वर्षं मी धरून उभी आहे. शेजारणीनं पान उलटलं की मी उलटायची. पहिलं कडवं ऐकून ऐकून पाठ होतं. दुसऱ्या कडव्याला मी नुसते ओठ हलवले. कोणी विचारलंच तर सांगायची, हा शिवणाचा चष्मा आहे, वाचायचा घरी राहिलाय. चाळीस वर्षं चष्मा घरी राहिला, आणि कोणाला शंका आली नाही!"

हेडसर काहीतरी बोलणार होते. तिने हात वर केला, आणि ज्यांनी त्यांच्यासमोर अर्धं आयुष्य बाकावर काढलं त्या सगळ्यांच्या देखत हेडसर गप्प बसले.

"सर, तुम्ही विचारता, देव बहिरा आहे का. देवाला एकदा सांगितलेलं पुरतं. मला पुरत नाही. पहिल्यांदा ओळ मी ऐकते. दुसऱ्यांदा चाचपडते. तिसऱ्यांदा ती माझी होते, आणि मग हातात पुस्तक लागत नाही. माझे हात चादरीत असतात. माझ्यासारख्या पुष्कळांचे कशात ना कशात असतात. या घरात मी चाळीस वर्षं पाहुणी होते. नऊच्या उपासनेत मी घरची झाले. तुमची गीतं चांगली आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तुम्ही माझं गाणं बंद कराल आणि मी परत ओठ हलवायला येईन असं वाटत असेल, तर ते होणार नाही. नऊला दार बंद असलं तर मी पायरीवर उभी राहून गाईन. आवाज माझा तुम्हाला माहीत आहे."

हेडसरांनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण नियम म्हणजे त्यांचा प्राण. "हरकत वाचून घ्यायची असते," ते हळूच म्हणाले. "हे पाठांतर झालं. आणि सही लागेल." मग जरा थांबून, अगदी मायेने, "अंगठा चालेल, बाई."

"अंगठा देणार नाही," आत्या म्हणाली. "अंगठा मेलेल्या माणसाचाही घेता येतो."

तिने कॉलरमधून सुई काढली. चष्मा लावला, कागद टेबलावर ठेवला आणि शंभर माणसांच्या देखत त्याच्या तळाशी टाके घातले. खरं तर तळाशी नव्हे, माथ्याशी, माझ्या सुरेख शीर्षकाच्या बरोबर मधोमध. तीन काळे टाके, एका ओळीत. दाताने दोरा तोडला.

"इस्पितळात एकतीस वर्षं ही माझी सही चालते. तिच्यावर भरवसा ठेवून डॉक्टर माणसं कापतात."

हेडसर माझ्याकडे वळले. "चिटणीस, हे नियमात बसतं का?"

मी त्या शीर्षकाकडे बघितलं. 'शब्दांचा ठेवा' या माझ्या आवडत्या शब्दांमधून दोरा गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा हेडसरांशी बोलताना माझा आवाज चढला.

"बसतं, सर. ठराव सगळ्यांना समजावा एवढ्यासाठी तो नियम आहे. या सभेत हा ठराव आत्याइतका कोणालाच समजलेला नाही. मी लिहिला, मलासुद्धा नाही. हरकत नोंदवली आहे."

"मग कोणी सोबत आहे का?" हेडसरांनी सभेला विचारलं.

शेवटच्या बाकावरून एक पहारेकरी उठला. मग रोलरवरच्या दोन बायका. मग एक म्हातारा सुतार, जो आजवर सभेत फक्त झोपण्यासाठी येत असे. मग इकडून एक, तिकडून दोन. कोणाला वाचता येत नव्हतं आणि कोणाला नुसतं गाणं आवडत होतं, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मी मोजत होते. नववी मी स्वतः उठले, वहीसकट. दहावी उठली ती हेडसरांची बायको. त्यांच्याकडे न बघता, पर्स छातीशी धरून. पुढचं मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजलं. एकतीस झाले.

"ठराव बाद," हेडसर म्हणाले. त्यांनी कागद उचलला, तीन टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि माझ्या फाइलमध्ये नीट ठेवला. तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी धुलाईखान्यात गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते, पण तिथे पोचल्यावर सगळं विसरले. "आत्या, मला माफ कर," एवढंच म्हणता आलं. मग म्हणाले, "मी तुला वाचायला शिकवते."

"शिकव की," ती म्हणाली. "त्या पुस्तकातल्या दुसऱ्या कडव्यांत तुम्ही चाळीस वर्षं काय लपवून ठेवलंय, ते मला बघायचंच आहे. पण आधी तू शीक. ती पर्स खाली ठेव. हातातली वहीपण."

रोलरमधून चादर येत होती. तिने एक टोक माझ्या हातात दिलं. ते इतकं गरम होतं की मी ओरडले, आणि सगळ्या बायका हसल्या. पेल्यातल्या फोनवर गाणं लागलं होतं. 'हाक मारायच्या आधीच तू आलास.' आत्याने ती ओळ म्हटली आणि माझ्याकडे बघत थांबली. मी म्हटली. चादर वाकडी दुमडली गेली. पुन्हा म्हटली, तर सूर चुकला. तिसऱ्यांदा म्हणताना ओळ अर्ध्यातच राहिली. पुढची चादर येऊन पडली.

"परत," आत्या म्हणाली.